नीतीचा हिशेब कोणाकडे?

धर्म सुटला की माणूस मोकाट सुटतो, असे आपल्याकडे फार लोक मनापासून मानतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत चार माणसांत विषय काढून पाहावा. कमी पाणी टाकणारा टँकरवाला, सोसायटीच्या पैशांत हात मारणारा सेक्रेटरी, अपघात दिसूनही गाडी पुढे काढणारा चालक, उदाहरण कुणाचेही निघो, बोलणे शेवटी 'देवाची भीतीच राहिली नाही' इथे येऊन थांबते. हे मत फक्त आपल्याच गावचे नाही. प्यू या संशोधन संस्थेने २०१९मध्ये ३४ देशांतील लोकांना विचारले की, नीतीने वागायला देवावर विश्वास असावाच लागतो का. 'हो' म्हणणाऱ्यांच्या प्रमाणाचा या देशांतला मध्यक, म्हणजे मधला आकडा, ४५ टक्के निघाला. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये ९६ टक्के लोक 'हो' म्हणाले, स्वीडनमध्ये ९ टक्के. 'हो' न म्हणणारे स्वीडनचे बाकीचे लोक काही एकमेकांना लुबाडून जगत नाहीत. तेव्हा 'धर्म नाही तर नीती नाही' हे विधान जसेच्या तसे खरे नाही, एवढे तिथेच दिसते. पण प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. स्वीडनला जमले ते ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर कशाने जमेल, हे सांगावे लागते.

माझे म्हणणे असे की, ज्याचे नुकसान होते त्याला हिशेब मागता येतो तिथे समाजात नीती टिकते. धर्म या मागणीला बळ देऊ शकतो, पुष्कळदा देतोही. पण तिची जागा घेऊ शकत नाही. आणि धर्माचे नाव पुढे करून हिशेब मागणेच बंद पाडले जाते, तिथे धर्म नीतीच्या आड येतो.

घोडबंदर रस्त्याचेच घेऊ. तिथल्या अनेक सोसायट्यांना पालिकेचे पाणी पुरत नाही, टँकर घ्यावे लागतात. व्यवहार दिसायला साधा आहे: दहा हजार लिटरचा टँकर, चलनावर वॉचमनची सही, महिनाअखेर बिल. टँकर खरेच दहा हजार लिटरचा होता का, हे कोणी पाहत नाही. आता समजा, जमिनीखालची टाकी पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे. तिच्या तळाचे क्षेत्रफळ झाले वीस चौरस मीटर. दहा हजार लिटर म्हणजे दहा घनमीटर पाणी, म्हणजे टाकीची पातळी बरोबर पन्नास सेंटिमीटर वर यायला हवी. प्रत्येक सेंटिमीटरला दोनशे लिटर. पातळी बेचाळीस सेंटिमीटरच चढली, तर आलेले पाणी आठ हजार चारशे लिटर, आणि सोळाशे लिटर कमी. दिवसाला सहा टँकर येत असतील आणि सगळे असेच कमी असतील, तर रोज नऊ हजार सहाशे लिटरचे पैसे हवेत जातात. जवळजवळ एक अख्खा टँकर रोज.

ही चोरी पकडायला सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक काठी आणि एक वही पुरते. टँकर लावण्याआधी काठी बुडवून पातळी लिहायची. टँकर रिकामा झाल्यावर पाणी स्थिर व्हायला थोडी मिनिटे द्यायची आणि पुन्हा पातळी लिहायची. यातही घोळ होतो. वरच्या टाकीचा पंप चालूच राहिला तर पातळी कमी चढते आणि टँकरवाल्यावर नाहक आळ येतो. पालिकेच्या नळाचा व्हॉल्व्ह उघडा असला तर उलटे होते, कमी पाणी भरलेले दिसतच नाही. टाकीत मध्ये खांब किंवा भिंत असेल तर तेवढे क्षेत्रफळ वजा करावे लागते. म्हणून मोजणीच्या वेळी पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, आणि वहीत वेळ, गाडीचा नंबर, आधीची पातळी, नंतरची पातळी, दोन सह्या: एक वॉचमनची, एक चालकाची. ही वही लिफ्टजवळ लटकवली की कोणताही रहिवासी येता-जाता पाहू शकतो. चालक देवभोळा आहे की नास्तिक, याने त्या आकड्यांत एका लिटरचाही फरक पडत नाही. वही सुरू होते तेव्हा मात्र फरक पडतो.

इथे कोणी म्हणेल, ही तर पहारेदारी झाली, नीती नव्हे. हा आक्षेप मी हलका मानत नाही, त्याकडे पुढे येतोच. पण आधी एवढे पाहावे की पहारा नसतो तेव्हा सगळ्यात जास्त कोण भरडले जाते. टँकरवाला फसवतो तेव्हा रात्री दोन वाजता सही करणाऱ्या वॉचमनवर संशय येतो, त्याची नोकरी जाते. वही त्याचेही रक्षण करते. प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा दाखवता यावा, ही सोय समाजाने करायची असते. ती न करता त्याच्याकडून नुसत्या श्रद्धेच्या जोरावर प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

इमारतीच्या रंगकामात हेच मोठ्या प्रमाणात घडते. तीन कोटेशन मागवली जातात, आणि तिन्ही एकाच माणसाने तीन लेटरहेडवर दिलेली असतात. सगळ्यात कमी दराचे काम मंजूर होते, सभा समाधानाने टाळ्या वाजवते. खरी लबाडी दरात नसतेच, ती मापात असते. समजा, बाहेरच्या भिंतींचे खरे क्षेत्रफळ चाळीस हजार चौरस फूट आहे आणि बिलात छेचाळीस हजार लावले. तीस रुपये दराने एक लाख ऐंशी हजार रुपये जादा गेले. खिडक्यांची वजावट केलेली नसते. दोन हातांऐवजी एकच हात मारलेला असतो, आणि पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर ओल उमटेपर्यंत ते कळत नाही. यावर उपाय सगळ्या जाणत्या इंजिनिअरना ठाऊक आहेत. काम देण्याआधी स्वतंत्र मापे काढून ती निविदेतच लिहायची, कोटेशनची पाकिटे सभेत उघडायची, प्रत्येक हाताची नोंद मेजरमेंट बुकात सहीनिशी करायची, पैसे बँकेतूनच द्यायचे, आणि पाच ते दहा टक्के रक्कम पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवायची. सहकार कायद्याने सभासदाला सोसायटीची कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. पण कागद मागणाऱ्याला 'आमच्यावर विश्वास नाही का?' असे विचारून गप्प केले जाते. त्याच कमिटीने जानेवारीत सत्यनारायण घातलेला असतो आणि प्रसाद सगळ्यांना वाटलेला असतो. ती पूजा खोटी होती, असे मी म्हणत नाही. पूजा घालणाऱ्यांची श्रद्धा अगदी खरी असू शकते, आणि तरीही मापे चुकीची असू शकतात. श्रद्धेचा खरेपणा आणि बिलाचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आता तो आक्षेप. सगळीकडे वही लावता येत नाही. कोणी पाहत नसताना माणूस नीट वागेल तो आतल्या आवाजामुळेच, आणि तो आवाज धर्म घडवतो, असे म्हटले जाते. यात तथ्याचा मोठा अंश आहे. संस्कार लागतात, आणि लाखो घरांत ते देवघरासमोरच झाले आहेत. पण आतला आवाज केव्हा ऐकू येतो आणि केव्हा दबतो, याबद्दल आपल्या हाती थोडीफार माहितीही आहे. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातील चाळीस विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी केलेला प्रयोग १९७३मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पाद्री होऊ शकणारी ही मुले. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले. निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोनी माणसाची कथा, म्हणजे वाटेत घायाळ पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची. आणि त्यांच्या वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवला होता. घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. 'उशीर झालाय, पळा' असे सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने निर्णायक फरक पडला नाही. धर्मभावनेने भारलेल्या तरुणांचा आतला आवाज घड्याळाने दाबून टाकला.

सकाळी साडेआठला ठाणे स्थानकाच्या पुलावर चक्कर येऊन बसलेल्या माणसाला ओलांडून जाणारी गर्दी म्हणूनच मला निर्दय किंवा नास्तिक वाटत नाही. ती घाईत आहे, आणि कोणी थांबायचे हे ठरलेले नाही. सायन-पनवेल महामार्गावर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर अपघात झाला की वर्षानुवर्षे लोक थांबत नसत, कारण घाईइतकीच भीती होती: पोलीस नाव लिहून घेतील, रुग्णालय आधी पैसे मागेल, कोर्टाच्या तारखा मागे लागतील. हे कोडे सुटायला सुरुवात झाली ती प्रवचनाने नव्हे. ३० मार्च २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. माणसांच्या मनातली दया आधीपासून होतीच, तिच्या वाटेतला अडथळा काढायला हवा होता. हे कलम रस्त्यावरच्या किती चालकांना माहीत आहे, हा पुढचा प्रश्न, आणि तो फार निकडीचा आहे. प्रत्येक टोलनाक्यावर आणि पेट्रोलपंपावर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असायला हवे.

धर्माच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे आणि तो लपवून चालणार नाही. २०१६मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आठ वेगवेगळ्या समाजांतल्या ५९१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपला देव सगळे जाणतो आणि शिक्षा करतो, असे जे अधिक मानत होते, ते नाणी वाटण्याच्या खेळात दूरच्या अनोळखी माणसाच्या वाट्यालाही अधिक न्यायाने नाणी टाकत होते. म्हणजे सर्वसाक्षी देवाच्या श्रद्धेचा आणि परक्याशी न्यायाने वागण्याचा संबंध दिसतो. पण तो दूरचा माणूस त्यांच्याच धर्माचा होता. माझ्या मते सगळा पेच इथेच आहे. टेंभी नाक्याजवळ १८७९पासून बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग उभे आहे, मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वर आहे, थोड्या अंतरावर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. अशा गावात शेजारी, भाडेकरू, डॉक्टर, रिक्षावाला कोणत्याही धर्माचा असणार, कोणत्याच धर्माचा नसणारही. आपल्या धर्माच्या माणसाशी प्रामाणिक आणि बाकीच्यांशी सोयीने, हा हिशेब अशा शहरात एक दिवसही चालत नाही. 'अमुक लोकांना घर देऊ नये' असा अलिखित नियम करणाऱ्या इमारतींतले रहिवासी आपापसांत अत्यंत सचोटीने वागत असतील. ती सचोटी फाटकाशी संपते.

नरकाच्या भीतीचेही असेच आहे. गुन्हेगारीचा अभ्यास करणारे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: शिक्षा किती कडक आहे याच्यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती आहे, यावर धाक अवलंबून असतो. नरकाइतकी कडक शिक्षा दुसरी नाही, पण ती मरणानंतरची, आणि मध्ये सुटकेच्या वाटा भरपूर. नवस, दान, तीर्थयात्रा. सोसायटीचे दोन लाख खाऊन देवळाला एकवीस हजार देणारा माणूस ढोंगी असेलच असे नाही, त्याला मनापासून हलके वाटत असेल. ज्यांचे पैसे गेले त्या दीडशे घरांना मात्र काहीच मिळालेले नसते.

याची जाण खुद्द धर्मपरंपरांना होती, हे सांगायला हवे. ज्यू परंपरेत योम किप्पूरचा उपवास माणसाने देवाविरुद्ध केलेल्या पापांचे क्षालन करतो. माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाचे क्षालन त्या माणसाचे समाधान केल्याशिवाय होत नाही, असे मिश्ना या ज्यू धर्मग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. इस्लाममध्ये माणसांचे हक्क ही वेगळीच बाब मानली जाते: ज्याचा हक्क मारला त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे अपराधाची पावती देवाच्या दारात फाटत नाही, ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारात जावे लागते. धर्मातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आणि तो पाळायला धार्मिक असावे लागत नाही.

बरे काय आणि वाईट काय, हे तरी धर्मच ठरवतो का? महाराष्ट्राचा अनुभव याचे उत्तर ठामपणे 'नाही' असे देतो. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुराढोरांना खुले आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना बंद होते, ते धर्माच्याच नावाने. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, ते कोणत्या पोथीची परवानगी घेऊन नव्हे. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर राहिली, आणि त्यांच्यानंतर सहा शतके त्यांची माणसेही बाहेरच राहिली. विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ला उपोषण सुरू केले, ते सुमारे दहा दिवस चालले. गुरुजी नास्तिक नव्हते. त्यांच्याइतका श्रद्धाळू माणूसही देवळाच्या रूढीला नीतीच्या कसोटीवर घासून 'हे चूक आहे' म्हणू शकला, याचा अर्थ ती कसोटी रूढीच्या बाहेर होती. दुसऱ्या बाजूला आगरकर. देवाधर्मावर विसंबून न राहता बुद्धीला पटेल ते लिहिणारा हा माणूस १८८८मध्ये 'सुधारक' काढतो, पैसा आणि पद बाजूला ठेवून शिक्षणाला वाहून घेतो, आणि १८९५मध्ये चाळिशी गाठण्याआधी जातो. त्यांच्या शीलावर त्यांच्या कट्टर विरोधकांनाही बोट ठेवता आले नाही. बाबासाहेबांनी १९५६मध्ये धम्म स्वीकारला तेव्हाही, ज्यात देवाची जागा नीतीला आहे असा मार्ग म्हणून तो स्वीकारला. आणि संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ला त्यांनी बजावले होते की, संविधानिक नीती ही उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते. मला या चर्चेत याहून उपयोगी वाक्य माहीत नाही.

मग जोपासायची कशी? इथे मात्र धार्मिक संस्थांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि निव्वळ बुद्धिवादी मंडळी ते नजरेआड करतात याचे मला वाईट वाटते.

आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीत मुक्कामाला समाजआरती होते. शेकडो दिंड्या, हजारो माणसे. चोपदार चोप वर करतात आणि टाळ-मृदंग थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, मग आरती. हरवले-सापडले तेही तिथेच पुकारले जाते. ही व्यवस्था बघून थक्क व्हायला होते. तक्रार करणाऱ्याला आवाज आहे, तो सगळ्यांना ऐकू येतो, आणि त्याचे ऐकल्याशिवाय पूजाही पुढे सरकत नाही. वारीत लाखो माणसे आठवडेच्या आठवडे एकत्र नांदतात, ती विठ्ठलाच्या ओढीने येतात हे खरे. नांदतात मात्र या व्यवस्थेमुळे. आमच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत, जी ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, तक्रारींना 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटची दहा मिनिटे मिळतात. चहा तोवर आलेला असतो.

जकातीचेही तसेच. 'गरिबांना मदत करा' एवढे सांगून इस्लाम थांबला नाही. निसाबाइतकी, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी यांच्या किमतीइतकी, संपत्ती चांद्रवर्षभर राहिली तर तिचा अडीच टक्के भाग, आणि तो कोणाला द्यायचा याचे आठ वर्ग. मुंब्र्यातल्या छोट्या दुकानदारालाही आपले देणे किती, हे गणित करून काढता येते. आकडा ठरलेला असला की दयेला मूड लागत नाही. धर्म न मानणाऱ्यांपैकी किती जण आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा दरवर्षी न चुकता बाजूला काढतात? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावाच.

रक्तदानात या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. संतांच्या जयंतीला, मंडळाच्या वर्धापनदिनाला एका दिवसात चारपाचशे पिशव्या गोळा होतात. श्रद्धेने माणसे येतात हे त्या रांगेतच दिसते. पण प्लेटलेट पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी वापरलेल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस. पुरुष दात्याला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावे लागते, स्त्री दात्याला चार. म्हणजे एकाच दिवशी सगळे रांगेत आले की तेच सगळे पुढचे तीन महिने रांगेतून बाद. मे महिन्यात महाविद्यालये बंद, लोक गावी गेलेले, आणि रक्तपेढ्या मोकळ्या. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, त्याला जयंतीची तिथी ठाऊक नसते. ज्या मंडळांनी आपल्या दात्यांचे बारा गट पाडून एकेका महिन्यात एकेक गट पाठवला, त्यांची सेवा खऱ्या अर्थाने पोचते. पाचशे पिशव्यांचा बॅनर लागत नाही, दरमहा चाळीसच पिशव्या जातात. पण त्या वाया जात नाहीत.

खाडीकाठच्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात न घालण्याची रीत होती. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, आणि पुष्कळ माशांचा विणीचा हंगाम तोच. शिडाच्या होड्या होत्या तोवर रीत आपोआप पाळली जात होती, कारण एखाद्याची होडी बंदरातून गेली की सगळ्या वाड्याला दिसे. इंजिन आले, बर्फ आला, पावसाळ्यात मासळीला भाव दुप्पट मिळू लागला, आणि दिसण्याचा धाक संपला. श्रद्धा होती तिथेच होती, सोन्याचा नारळ पूर्वीसारखाच वाजतगाजत समुद्राला जात होता. म्हणून यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी कायद्याने घालावी लागते. नवी मुंबईतले दिवाळे असो, सारसोळे असो की ठाण्याची चेंदणी, बंदी पाळणाऱ्या कोळ्याचे खरे दुखणे हे की दुसरा कोणी चोरून मासेमारी करतो आणि गस्त त्याला धरत नाही. एकट्याने नीती पाळायला लावणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे. नियम सगळ्यांना सारखा लागला तरच प्रामाणिक माणूस तगतो.

आणि तो सारखा लागू करण्याला सगळ्यात जास्त विरोध कधी होतो, तर धर्माचे नाव घेतले जाते तेव्हा. आवाजाचे उदाहरण ठाण्याच्या लोकांना सांगायला नको. २०००च्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शासनाने जाहीर केलेले शंभर मीटरचे शांतता क्षेत्र असेल, तर तिथे ५० आणि ४०. डेसिबलचे गणित लोकांना फसवते: दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. ५५च्या जागी ८५ झाले तर तीव्रता हजारपट झालेली असते. रक्तदाबाचा रुग्ण, तान्हे मूल, रात्रपाळी करून झोपलेली नर्स, यांनी जायचे कुठे? ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये सविस्तर निकाल दिला की, ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माच्या स्वातंत्र्याचा भाग होत नाही. जानेवारी २०२५मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले आणि आणखी एक मोलाची गोष्ट जोडली: तक्रार करणाऱ्याची ओळख पोलिसांनी उघड करू नये. हे सांगावे लागले यातच सगळे आले. मंडपातला असो की मशिदीवरचा, भोंग्याविरुद्ध बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी धर्मद्रोही ठरतो. ज्याचे नुकसान झाले त्याचेच तोंड बंद. टाळ वाजवत राहणाऱ्या दिंडीचे ऐकणारी परंपरा आपल्याकडे असताना हे व्हावे, याची मला चीड येते.

वर्गणीलाही हेच लागू. सार्वजनिक उत्सवासाठी पैसे गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हिशेब द्यावा लागतो. जुनी मंडळे वार्षिक अहवाल छापत, त्यात एकावन्न रुपये देणाऱ्याचेही नाव आणि मागे जमाखर्च. ती पद्धत ज्यांनी टिकवली आहे त्या मंडळांना लोक स्वतःहून पैसे आणून देतात. पावतीपुस्तकांचे क्रमांक लागोपाठ आहेत का, पुस्तके परत आली का, उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या जमेत दिसते का, एवढे तीन प्रश्न कोणीही वर्गणीदार विचारू शकतो. उत्तर म्हणून 'देवाच्या कामात संशय?' एवढेच आले, तर पैसे देऊ नयेत.

धर्म न मानणाऱ्यांकडून मला वेगळी अपेक्षा आहे. देऊळ, मशीद, चर्च सोडले की तिथली जमण्याची सवयही सुटते, आणि तिच्याबरोबर आजाऱ्याची चौकशी, मयताला खांदा, नवख्याला जेवण या गोष्टीही. खारघर, उलवे, कासारवडवली इथल्या तीस मजली इमारतींत एकटी राहणारी म्हातारी माणसे पुष्कळ आहेत. कोणी रात्री घरातच वारले, तर गावठाणात भावकी धावून येते. टॉवरमध्ये शेजाऱ्याला पहिला फोन कोणाला करायचा हेही माहीत नसते. घरी मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरकडून नमुना ४अमधला मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, तो नसेल तर स्मशानात अडवतात. नोंदणी २१ दिवसांत करायची असते. शववाहिनीचा नंबर, दाखला द्यायला रात्री येईल असा डॉक्टर, परदेशातल्या मुलाचा फोन, दाराची दुसरी किल्ली कोणाकडे, ही चार उत्तरे प्रत्येक एकट्या रहिवाशाची सोसायटीच्या कार्यालयात बंद पाकिटात असावीत, दर सहा महिन्यांनी तपासलेली. पाच-सहा जणांनी महिन्यातला एक रविवार काढून प्रत्येकी चार दारे वाजवली तर एका विंगेचे काम होते. हे करायला देव मानावा लागत नाही, पण कोणीतरी ठरवून, नावे वाटून घेऊन सुरू करावे लागते, आणि पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ते घालायला चौदा दिवसांच्या नोटिशीआधी सेक्रेटरीला लेखी द्यावे लागते.